क्लाराला कोणी काय विचारलं?

(या लेखात 'द हंट' आणि 'अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ फॉल' या दोन्ही सिनेमांची कथा शेवटापर्यंत उघड केली आहे.)

बालवाडीच्या ऑफिसात एक लहान मुलगी बसली आहे. नाक आक्रसायची तिला सवय आहे. समोर मृदू आवाजाचा एक अनोळखी माणूस आणि जवळच बालवाडीच्या मुख्य बाई. मुलीने आधी बाईंना काहीतरी सांगितलं होतं, ते खरं का, असं तो माणूस विचारतो. मुलगी सरळ 'हो' म्हणत नाही. तो पुन्हा विचारतो, जरा वेगळ्या शब्दांत. ती गप्प. तिला बाहेर खेळायला जायचंय. तो आणखी विचारतो आणि आता प्रश्नातच उत्तर आलेलं असतं, मुलीने फक्त मान हलवायची बाकी असते. शेवटी ती मान हलवते.

थॉमस विंटरबर्गच्या 'द हंट' (२०१२) या डॅनिश सिनेमातला हा सीन जेमतेम काही मिनिटांचा आहे. त्यानंतर लुकास या बालवाडीतल्या शिक्षकाची नोकरी जाते, मित्र जातात, सुपरमार्केटमध्ये त्याला मारहाण होते, त्याची कुत्री मारली जाते. मॅड्स मिकेल्सनला या भूमिकेसाठी कान महोत्सवात सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि सिनेमाबद्दलची बहुतेक चर्चा त्याच्या चेहऱ्याभोवतीच फिरत राहिली. मला मात्र हा सिनेमा त्या ऑफिसातच घडतो असं वाटतं. बाकी सगळा परिणाम आहे.

लहान मुलांच्या साक्षीबद्दल आपल्याकडे दोन समजुती आहेत आणि सोयीप्रमाणे आपण त्या आलटून पालटून वापरतो. पहिली : मुलं ही देवाघरची फुलं, ती खोटं बोलत नाहीत. दुसरी : मुलांचं काय, पढवलेले पोपट, शिकवाल तसं बोलतील. 'द हंट'मधल्या मुख्य बाई पहिल्या समजुतीच्या. सिनेमा बघून बाहेर पडणारे बरेच प्रेक्षक दुसऱ्या समजुतीचे होतात. दोन्ही समजुतींमध्ये एक गोष्ट सारखी आहे. त्या फक्त मुलाकडे बघतात. त्याला प्रश्न विचारणाऱ्या माणसाकडे कुणीच बघत नाही.

क्लाराने काय केलं होतं ते आठवा. वडिलांच्या या जिवलग मित्राचा तिला लळा लागलेला. तिने त्याला एक हृदय बनवून दिलं, खेळताखेळता त्याच्या ओठांवर पापी घेतली. त्याने हळुवारपणे सांगितलं की असं करायचं नसतं. ती दुखावली. घरी मोठ्या भावाच्या टोळक्याने जाताजाता टॅबवरचं एक अश्लील चित्र तिच्यापुढे नाचवलं होतं. त्या वेळी कानावर पडलेले शब्द रागाच्या भरात तिने लुकासच्या नावाला जोडले. वाक्य एकच. त्यात कट नाही. कदाचित त्याचा अर्थही तिला पुरता माहीत नाही. या एका वाक्याचं प्रकरण बनवायला मोठी माणसं लागली.

पुढे तर क्लारा आईला सांगतेही, की तसं काही झालं नव्हतं, मी उगाच काहीतरी बोलले. आई म्हणते की तुला ते आठवायचं नाहीये, म्हणून तुला असं वाटतंय. सिनेमातला सगळ्यात भयंकर संवाद माझ्या मते हाच. 'हो' म्हटलं तर पुरावा आणि 'नाही' म्हटलं तर आणखी मोठा पुरावा. कोणतंही उत्तर एकाच निष्कर्षाकडे जात असेल तर तो प्रश्नच उरत नाही. मग पालकांची बैठक होते, मुलांमध्ये कोणती लक्षणं दिसतात ते बघा असं सांगितलं जातं आणि लक्षणं दिसू लागतात. एकामागून एक मुलं लुकासच्या घराच्या तळघराचं वर्णन करतात, बारकाव्यांसकट. लुकासच्या घराला तळघरच नाही.

हे अतिरंजित वाटत असेल तर अमेरिकेतली १९८०ची दशकातली प्रकरणं बघावीत. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं प्रकरण १९८३ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये संपलं. शेकडो मुलांच्या मुलाखती, हातात बाहुल्या देऊन विचारलेले प्रश्न, जमिनीखालच्या बोगद्यांच्या कहाण्या. एकही आरोप सिद्ध झाला नाही. न्यू जर्सीतल्या एका बालवाडीच्या तरुण शिक्षिकेला १९८८ मध्ये ११५ आरोपांखाली दोषी ठरवून ४७ वर्षांची शिक्षा झाली. १९९३ मध्ये ती रद्द झाली. १९९४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितली : मुलांच्या मुलाखती दबाव आणून किंवा उत्तर सुचवून घेतल्याचं दिसत असेल, तर मुलांना साक्षीला उभं करण्याआधी त्या मुलाखतींचीच तपासणी व्हायला हवी. म्हणजे कोर्टाने मुलांवरचा प्रकाशझोत वळवून मोठ्यांवर आणला.

याच काळात मानसशास्त्रज्ञांनी प्रयोग केले. त्यातला मिशेल लाइक्टमन आणि स्टीफन सेसी यांचा १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग माझा आवडता आहे. सॅम स्टोन नावाचा एक माणूस बालवाडीत थोडा वेळ येतो, मुलांना भेटतो आणि निघून जातो. काही मोडत नाही, फाडत नाही. मुलांच्या एका गटाला तो यायच्या आधीच अनेकदा सांगून ठेवलेलं असतं की सॅम फार वेंधळा आहे. तो गेल्यानंतरचे काही आठवडे त्यांना पुन्हा पुन्हा विचारलं जातं, पुस्तक फाडलं ते सॅमने मुद्दाम फाडलं की चुकून? नंतर नव्या माणसाने साधेपणाने विचारलं, तेव्हा या गटातली तीन-चार वर्षांची कितीतरी मुलं सॅमने केलेल्या नासधुशीच्या गोष्टी सांगू लागली. या मुलांचे व्हिडिओ तज्ज्ञांना दाखवले, तर कोणतं मूल घडलेलं सांगतंय आणि कोणतं न घडलेलं, हे त्यांनाही धडपणे ओळखता आलं नाही.

इथवर ऐकून 'बघा, मुलांवर विश्वास ठेवू नये' असं म्हणणारे प्रयोगाचा उरलेला अर्धा भाग सोडून देतात. मुलांचा आणखी एक गट होता. त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं आणि नंतर काही सुचवलंही नव्हतं. त्यांना फक्त विचारलं, सॅम आला होता तेव्हा काय झालं? ही मुलं आपणहून सांगताना चुकीचं जवळजवळ बोललीच नाहीत. वय तेच, तोच सॅम. फरक होता तो मोठ्यांच्या बोलण्यात.

आता 'द हंट'बद्दलची माझी तक्रार. विंटरबर्ग आपल्याला पहिल्यापासून सगळं दाखवून ठेवतो. लुकास निर्दोष आहे हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळे गावकरी मूर्ख दिसतात आणि आपण शहाणे. पण कोर्टात बसलेल्या माणसाला हा शहाणपणा फुकट मिळत नाही. त्याच्यापुढे फक्त एक मूल असतं आणि त्याचे शब्द. मूल खरं बोलतंय की नाही हे ठरवण्याचं जे खरं अवघड काम, ते हा सिनेमा प्रेक्षकाला करायलाच लावत नाही. कोर्ट तर यात दिसतही नाही. लुकास सुटून येतो ते आपल्याला नुसतं कळतं.

याचा तोटा सिनेमाबाहेर दिसतो. लैंगिक अत्याचाराची बातमी आली की कमेंटमध्ये कुणीतरी हमखास 'द हंट बघा' असं लिहून जातो. जणू विंटरबर्गने खोट्या तक्रारींवर माहितीपट काढलाय. अशांना मी त्याचाच 'फेस्टेन' (१९९८) बघायला सांगेन. तिथे बापाचा साठावा वाढदिवस आहे, सगळे नातेवाईक जमलेत आणि मोठा मुलगा भाषण करायला उठून सांगतो की या बापाने लहानपणी माझ्यावर आणि माझ्या बहिणीवर अत्याचार केले. पाहुणे क्षणभर थबकतात आणि जेवण पुढे सुरू होतं. खरं बोलणाऱ्याला घराबाहेर काढून झाडाला बांधतात. दिग्दर्शक एकच. एका सिनेमात न घडलेलं सगळ्यांना पटतं, दुसऱ्यात घडलेलं कुणाला ऐकायचं नसतं. दोन्हीकडे समुदायाने आधीच ठरवलेलं असतं की त्याला काय ऐकायचंय. 'द हंट' एकटा बघणं म्हणजे अर्धा युक्तिवाद ऐकून उठून जाणं.

जे काम 'द हंट' टाळतो ते जस्टिन त्रिएचा 'अ‍ॅनॅटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३) करतो. फ्रान्समध्ये ग्रेनोब्लजवळच्या डोंगरातल्या घरात एक लेखक वरून पडून मरतो. अपघात, आत्महत्या की बायकोने ढकललं? बायको सँड्रा आरोपी. महत्त्वाचा साक्षीदार अकरा वर्षांचा मुलगा डॅनियल, ज्याची दृष्टी चौथ्या वर्षी झालेल्या अपघातात बरीचशी गेलेली आहे. काय झालं ते प्रेक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही. आपण ज्युरीच्याच बाकावर.

डॅनियलची पहिली साक्ष चुकते. मी बाहेर खिडकीखाली होतो, आई-बाबा शांतपणे बोलताना ऐकले, असं तो सांगतो. पोलीस त्या प्रसंगाची पुनर्रचना करतात, तर त्या जागेवरून साध्या आवाजातलं बोलणं ऐकूच येत नाही. मग तो म्हणतो, मी बहुतेक घरात होतो. सरकारी वकिलाला वाटणार की आईला वाचवतोय. पण घराच्या भिंतींवर ठिकठिकाणी वेगवेगळ्या पोताच्या पट्ट्या चिकटवलेल्या आहेत, हाताने चाचपून आपण कुठे आहोत ते कळावं म्हणून. या मुलाची जागेची आठवण बोटांत आहे आणि बोटांनी दोन पट्ट्यांमध्ये गल्लत केली असेल तर? चूक आणि खोटं यांच्यामधली ही जागा त्रिए मिटवत नाही. कोर्टाला ती मिटवायची घाई असते. प्रौढ साक्षीदार गोंधळला तर आपण 'माणूस आहे, विसरला' म्हणतो. मूल गोंधळलं तर लगेच 'कुणी शिकवलं?'

कॅमेऱ्याचीही एक गंमत आहे. डॅनियल साक्ष देत असताना दोन्ही बाजूंचे वकील त्याच्या दोन अंगांना आणि कॅमेरा त्याच्याभोवती इकडून तिकडे झोके घेत राहतो. प्रश्नागणिक फ्रेम हलते. प्रश्न विचारणं ही एक शारीरिक ढकलाढकली असते, हे मला कोर्टरूमच्या इतर कुठल्याही सिनेमात इतकं जाणवलेलं नाही.

आईने मुलावर प्रभाव टाकू नये म्हणून कोर्ट मार्ज नावाची एक तरुण बाई त्यांच्या घरी ठेवतं. व्यवस्था चोख वाटते. पण मूल फक्त आईच पढवते का? डॅनियल कोर्टात बसून आई-बाबांच्या भांडणाचं रेकॉर्डिंग ऐकतो, आईच्या आयुष्यातल्या नको त्या गोष्टी ऐकतो. हे ऐकणं तुला जड जाईल, असं न्यायाधीश सुचवतात, तेव्हा तो म्हणतो की मी नाही आलो तरी बातम्यांमधून मला कळणारच आहे. बरोबर आहे त्याचं. आज पढवायला शेजारी बसून कान भरणारा कुणी लागत नाही, फोन पुरेसा आहे. आणि हे सगळं ऐकून झाल्यावर तो पुन्हा साक्ष द्यायला उभा राहतो. सिनेमाच्या कायद्यातली ही फट मला खटकते, पण त्रिएने ती जाणूनबुजून उघडी ठेवली असावी.

शेवटच्या साक्षीत डॅनियल सांगतो, की कुत्र्याला डॉक्टरकडे नेताना गाडीत बाबा म्हणाले होते, हा एक दिवस जाणार, तू तयार राहा. बाबा स्वतःबद्दल बोलत होते असं त्याला आता वाटतं. पडद्यावर बाप गाडी चालवताना दिसतो, त्याचे ओठ हलतात आणि आवाज मात्र डॅनियलचा येतो. ही आठवण आहे की रचलेली गोष्ट, याचा पुरावा सिनेमा देत नाही. साक्ष म्हणजे दुसऱ्याच्या ओठांवर आपला आवाज, एवढंच दाखवतो, आणि ते प्रौढांच्या साक्षीलाही लागू आहे. सँड्रा सुटते. निकालाचं ओझं अकरा वर्षांच्या खांद्यावर देऊन मोठी माणसं मोकळी होतात.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या कायद्यात साक्षीसाठी किमान वय नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम ११८ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम १२४ झालंय, आशय तोच. प्रत्येक व्यक्ती साक्ष द्यायला सक्षम आहे, कोवळ्या वयामुळे, म्हातारपणामुळे किंवा आजारामुळे तिला विचारलेले प्रश्न समजत नाहीत किंवा त्यांची समंजस उत्तरं देता येत नाहीत असं कोर्टाला वाटलं नाही तर. हे वाक्य एखाद्या कवितेसारखं सावकाश वाचून बघा. मूल देवाघरचं फूल आहे का, याची चौकशी त्यात नाही. पोपट आहे का, याचीही नाही. प्रश्न समजतो का आणि त्याचं उत्तर देता येतं का, एवढंच आहे. म्हणजे मुलाची पात्रता मोजायची पट्टी खुद्द प्रश्न आहे.

महाराष्ट्रातल्या एका खटल्यात १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मूल विश्वासार्ह वाटलं आणि पढवल्याची शक्यता नसली, तर त्याच्या साक्षीवर शिक्षा होऊ शकते. मध्य प्रदेशात २००३ मध्ये एका सात वर्षांच्या मुलीने बापाच्या हातून आईचा खून होताना पाहिला. तिचा जबाब अठरा दिवसांनी घेतला गेला. उच्च न्यायालयात बाप सुटला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलीची साक्ष ग्राह्य धरून त्याची जन्मठेप पुन्हा कायम केली. तिचं लहानपण केव्हाच संपलं होतं. लुकासची गोष्ट खरी आहे, तशीच हीही खरी आहे.

पण कायद्याच्या वाक्यात मध्यभागी असलेला हा प्रश्न कोर्टाच्या कागदावर बहुतेक वेळा उरतच नाही. आपल्याकडे साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात नोंदवतात. न्यायाधीशांना वाटलं तर प्रश्नोत्तरं जशीच्या तशी उतरवता येतात, पण तो अपवाद. समजा विचारलं, 'त्याच्या अंगात निळा शर्ट होता ना?' मूल म्हणालं, 'हो.' कागदावर येतं : 'त्याच्या अंगात निळा शर्ट होता.' शर्ट कुणी आणला, मुलाने की वकिलाने, हे अपिलात तो कागद वाचणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच पटेल : लॉगमध्ये फक्त आउटपुट ठेवलंय, इनपुट फेकून दिलंय आणि आता बग शोधायला बसलोय.

उलटतपासणीची तऱ्हा वेगळी. सरतपासणीत सूचक प्रश्नांना बंधन आहे, उलटतपासणीत ते चालतात. मराठी साक्षीच्या शेवटी ठरलेली वाक्यं असतात : 'हे म्हणणे खरे नाही की, मी आईच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे.' मोठ्या माणसालाही हे वाक्य दोनदा वाचावं लागतं. त्यामागचा प्रश्न सात वर्षांच्या मुलीने कसा ऐकला असेल? 'तुला हे आईने शिकवलं ना?' यावर अनेक मुलं 'हो' म्हणतील, कारण 'घाबरू नको, खरं ते सांग' हेही आईनेच शिकवलेलं असतं. पढवण्याचा आरोप सिद्ध करायला वापरलेला प्रश्न स्वतःच पढवणारा असतो.

पॉक्सो कायद्याने २०१२ मध्ये यावर काही उपाय केले. वकिलांनी मुलाला थेट न विचारता प्रश्न न्यायाधीशांकडे द्यायचे, न्यायाधीशांनी ते मुलाला विचारायचे. मुलाला आरोपीसमोर आणायचं नाही, पुन्हा पुन्हा कोर्टात बोलवायचं नाही, शक्य तिथे जबाबाचं दृकश्राव्य रेकॉर्डिंग करायचं. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा साक्षीदारांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळी केंद्रं उभारण्याचे आदेश दिले. रंगीत भिंती आणि खेळणी हवीतच. पण माझ्या मते या सगळ्यात मोलाची गोष्ट ते रेकॉर्डिंग आहे, कारण त्यात मुलाच्या चेहऱ्याबरोबर विचारणाऱ्याचा आवाजही राहतो. क्लाराच्या ऑफिसातला तो सीन रेकॉर्ड झाला असता तर लुकासच्या वकिलाला आणखी काही लागलं नसतं. 'फेस्टेन'मधल्या मुलांना लहानपणीच कुणी शांतपणे विचारून ते जपून ठेवलं असतं, तर बापाचा साठावा वाढदिवस इतक्या थाटात झाला नसता. एकच टेप निर्दोष माणसाला वाचवते आणि खऱ्या मुलालाही.

म्हणून या दोन सिनेमांत निवड करायची तर मी त्रिएच्या बाजूने आहे. तिने मुलाला निष्पापही ठेवलं नाही आणि पोपटही केलं नाही. चुकणारा, तपासून बघणारा, ठरवणारा माणूस म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं केलं. पण विंटरबर्गचा तो ऑफिसातला सीन वेगळा काढून दाखवावा असाच आहे, पोलिसांना, शिक्षकांना आणि आपल्यालाही. कारण मूल पहिल्यांदा बोलतं ते न्यायाधीशाशी नाही. मावशीशी बोलतं, काकाशी बोलतं, शिकवणीच्या ताईशी बोलतं. हा लेख वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी शेजारी सोफ्यावर बसून ते एक अर्धवट वाक्य बोलेल. त्या वेळी 'त्याने तुला हात लावला का?' असं विचारायचं नाही, चेहरा भयंकर करायचा नाही आणि 'काहीतरीच काय बोलतेस' असंही म्हणायचं नाही. गोष्ट ऐकताना मुलं आपल्याला विचारतात तेच विचारायचं, 'मग काय झालं?' आणि गप्प बसून ऐकायचं. नंतर तिचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवायचे, तारखेसकट. त्यांच्या वरच्या ओळीत आपण काय विचारलं होतं, तेही.